दोन बेटांमधले अंतर

आमच्या भूगोल विभागाच्या भिंतीवर जगाचा जो मोठा नकाशा टांगलेला आहे, त्याच्या अगदी उजव्या कडेला फिजी बेटे आहेत आणि अगदी डाव्या कडेला सामोआ. नकाशा पाहणाऱ्याला वाटावे, की पृथ्वीच्या पाठीवर याहून एकमेकांपासून दूर अशी दोन ठिकाणे नसतील. प्रत्यक्षात फिजीतील सुवा आणि सामोआतील अपिया यांच्यामध्ये सुमारे ११५० किलोमीटर अंतर आहे. म्हणजे मुंबईहून विमानाने दिल्ली जितकी दूर, जवळजवळ तितकेच. यात नकाशाकाराचा गुन्हा काही नाही. ग्रिनिचचे रेखावृत्त मधोमध ठेवून पृथ्वी उलगडायची, तर ती कुठे तरी फाडावी लागणारच, आणि ती फाडण्यासाठी सर्वांनी मिळून प्रशांत महासागर निवडला आहे. तेथे राहतात थोडे लोक, आणि त्यांना विचारले कोणी नाही!

या फाटलेल्या महासागरातील दोन बेटांमधले अंतर कसे मोजायचे, आणि ते तोडायला किती वेळ लागतो, हा या लेखाचा विषय. विषय वरवर क्षुल्लक वाटेल. हल्ली खिशातल्या फोनला विचारले तर तो एका क्षणात आकडा सांगतो आणि पुढे विमानाच्या तिकिटाचा भावही सांगतो. पण तो आकडा कुठून आला हे आपल्याला सांगता आले पाहिजे असे मला वाटते. निदान भूगोल हा मुख्य विषय घेणाऱ्यांना तरी. शिवाय या आकड्यांच्या मागे माणसे आहेत, त्यांतली काही या अंतरापायी प्राणाला मुकली, आणि एका संपूर्ण समाजाच्या इतिहासाचा निकाल याच अंतरावर अवलंबून होता. त्याकडे येईनच.

आधी हिशेब. मी उदाहरणासाठी हवाई बेटांतील होनोलुलू आणि ताहिती बेटावरील पापीती ही दोन गावे घेतो. होनोलुलूचा विमानतळ २१.३२ अंश उत्तर अक्षांश व १५७.९२ अंश पश्चिम रेखांशावर आहे, पापीतीचा १७.५५ अंश दक्षिण अक्षांश व १४९.६१ अंश पश्चिम रेखांशावर. दोहोंच्या मध्ये विषुववृत्त.

ज्यांना गणिताची धास्ती आहे (कला शाखेत असे आपण बरेच जण आहोत) त्यांनी विभागातला ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घ्यावा आणि एक साधा दोरा घ्यावा. दोऱ्याचे एक टोक होनोलुलूवर धरून दुसरे पापीतीवर ताणून न्यावे. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळचा मार्ग धरतो. यालाच आपण बृहद्वृत्ताचा कंस म्हणतो : पृथ्वीच्या मध्यबिंदूतून जाणाऱ्या पातळीने पृथ्वी कापली असता पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते, त्याचा तुकडा. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७४२ कि.मी. धरला तर या गोलावरचा १ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ कि.मी. मी मोजला तेव्हा दोरा दहा सेंटिमीटर आणि वर तीन-चार मिलिमीटर भरला. गुणाकार केला की ४४०० कि.मी.च्या आसपास उत्तर येते. दोन रुपयांच्या दोऱ्याने एवढे काम होत असेल तर तक्रार कशाला?

आता ज्यांना अधिक काटेकोर उत्तर हवे त्यांच्यासाठी. सूत्र असे आहे : दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांच्या साइन गुणोत्तरांचा गुणाकार करायचा, त्यात दोन्ही अक्षांशांची कोसाइन गुणोत्तरे आणि रेखांशांतील फरकाचे कोसाइन, या तिहींचा गुणाकार मिळवायचा, जी बेरीज येईल ती त्या दोन ठिकाणांनी पृथ्वीच्या केंद्रापाशी केलेल्या कोनाची कोसाइन. दक्षिण अक्षांश ऋण धरायचा, एवढे पथ्य पाळावे. आपल्या उदाहरणात पहिला गुणाकार उणे ०.११० येतो. रेखांशांतील फरक ८.३१ अंश; त्यावरून दुसरा गुणाकार ०.८७९. बेरीज ०.७६९. कोष्टकात पाहता हा कोन ३९.७ अंशांचा निघतो. बृहद्वृत्तावरील एक अंश म्हणजे १११.२ कि.मी.; म्हणून अंतर ४४१५ कि.मी. पृथ्वी पूर्ण गोल नसून ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, त्यामुळे खरे अंतर यापेक्षा थोडे कमी भरते; ४४०० म्हटले तरी चालेल.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. खलाशी आणि वैमानिक अजूनही किलोमीटर वापरत नाहीत, सागरी मैल वापरतात, आणि आपल्याला तो त्यांचा हेकटपणा वाटतो. पण सागरी मैल म्हणजे मुळात बृहद्वृत्तावरील एका अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक मिनिट (१.८५२ कि.मी.). केंद्रातला कोन ३९.७ अंश, त्याला साठाने गुणले की सुमारे २३८२ सागरी मैल, झाले अंतर. ज्याला आकाशातले कोन मोजून समुद्रावर आपली जागा शोधायची आहे, त्याच्यासाठी याहून सोयीचे माप नाही.

अंतर कळले, आता वेळ. जेट विमान साधारण ताशी ८५० कि.मी. वेगाने जाते. ४४०० ला ८५० ने भागले की पाच तास दहा-अकरा मिनिटे. धावपट्टीवर रांगणे, वर चढणे, खाली उतरणे यांसाठी अर्धा तास धरला तर पावणेसहा तासांचा प्रवास. हा मार्ग बराचसा उत्तर-दक्षिण असल्याने वारा बाजूने लागतो व जातायेता फारसा फरक पडत नाही. पूर्व-पश्चिम मार्गावर मात्र पडतो. होनोलुलू ते ग्वाम सुमारे ६१०० कि.मी. आहे. उंचावर पश्चिमेकडून ताशी ६० कि.मी. वेगाचा वारा वाहतो आहे असे समजा. ग्वामकडे जाताना विमानाचा जमिनीच्या सापेक्ष वेग ७९० राहील व पावणेआठ तास लागतील. परत येताना तो ९१० होईल व पावणेसात तास लागतील. अंतर तेच, विमान तेच, आणि तास मात्र एक कमी. प्रवासाचा वेळ हा अंतराचा गुणधर्म नसून दिशेचाही आहे, हे आपल्या पाठ्यपुस्तकात कुठे तरी ठळक छापायला हवे होते.

महासागरावर उडणाऱ्या वैमानिकाला आणखी एक बिंदू काढावा लागतो. वाटेत एखादे इंजिन बिघडले तर मागे फिरावे की पुढे जावे? निम्म्या वाटेपर्यंत मागे आणि त्यापुढे पुढे, असे उत्तर आपण चटकन देऊ, आणि ते चुकीचे ठरेल. ४४०० कि.मी.च्या मार्गावर जाताना समोरून ताशी ५० कि.मी. वारा असेल, तर पुढे जाण्याचा वेग ८०० आणि मागे फिरण्याचा ९००. मग समान वेळेचा बिंदू २२०० कि.मी.वर पडत नाही, तो सुमारे २३३० कि.मी.वर पडतो. निम्म्याहून शंभरावर किलोमीटर पुढे गेल्यानंतरही मागे फिरणेच जवळचे असते. दोन इंजिनांच्या विमानांना उतरण्याजोग्या विमानतळापासून तासाभराच्या टप्प्यातच राहावे लागे. अमेरिकेने १९८५ साली ही मर्यादा १२० मिनिटांवर आणि १९८८ साली १८० मिनिटांवर नेली, तेव्हा कुठे प्रशांत महासागर लहान विमान कंपन्यांच्या आवाक्यात आला.

हे झाले आजचे. १९२८ साली ऑस्ट्रेलियाचा चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ ‘सदर्न क्रॉस’ नावाच्या तीन इंजिनांच्या फॉकर विमानातून अमेरिकेहून ऑस्ट्रेलियाला निघाला. बरोबर चार्ल्स उल्म, मार्गदर्शक हॅरी लायन आणि बिनतारी यंत्र सांभाळणारा जेम्स वॉर्नर. त्यांचा सर्वांत लांब टप्पा हवाईतील कवाई बेटापासून फिजीतील सुवापर्यंतचा. वरच्या सूत्राने मी तो काढून पाहिला. सुमारे ५०५० कि.मी. भरतो. त्यांना साडेचौतीस तास लागले. म्हणजे सरासरी वेग ताशी १४६ कि.मी.; आपल्याकडची जलद आगगाडी मोकळ्या रुळावर जवळपास एवढी धावते. मधे उतरायला कुठेही जागा नाही. सुव्यालाही विमानतळ नव्हता. ते उतरले गावातल्या खेळाच्या मैदानावर, आणि ते मैदान इंधन भरून परत उड्डाण करण्याइतके लांब नव्हते, म्हणून विमान दुसरीकडे समुद्रकिनाऱ्यावर नेऊन तेथून पुढच्या प्रवासाला निघाले. ९ जून १९२८ रोजी ते ब्रिस्बेनला पोहोचले.

किंग्सफर्ड स्मिथला फिजी सापडले, कारण फिजी मोठे आहे, डोंगराळ आहे. अमेलिया इअरहार्टच्या नशिबी हाऊलँड आले. २ जुलै १९३७ रोजी न्यू गिनी बेटावरील लाए येथून ती आणि तिचा मार्गदर्शक फ्रेड नूनन निघाले, ते हाऊलँड बेटाकडे. अंतर ४११३ कि.मी. बेटाची लांबी अडीच किलोमीटरही नाही, रुंदी एका किलोमीटरच्या आत, आणि उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर. बेटाजवळ ‘इटास्का’ हे जहाज तिच्यासाठी थांबले होते. बेटावर तिच्यासाठीच धावपट्टी तयार करण्यात आली होती. उड्डाणानंतर एकोणीस तासांनी तिचा संदेश जहाजावर स्पष्ट ऐकू आला, की आपण तुमच्यावरच असायला हवे, पण तुम्ही दिसत नाही. त्यानंतर तासाभराने शेवटचा संदेश आला, आणि पुढे काही नाही.

या संदेशात तिने १५७-३३७ या रेषेवर असल्याचे सांगितले होते. या दोन आकड्यांवर मी बराच वेळ घालवला, आणि मला वाटते त्यांत या विषयाचा सगळा गाभा आहे. जुलैच्या सुरुवातीला त्या भागात सूर्य उत्तरेपासून सुमारे ६७ अंशांवर, म्हणजे पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो. उगवत्या सूर्याची उंची यंत्राने मोजली, की आपण सूर्याच्या दिशेला काटकोनात असलेल्या एका रेषेवर कुठे तरी आहोत एवढे निश्चित होते. ६७ मध्ये ९० मिळवा : १५७. त्याची उलट दिशा ३३७. म्हणजे नूननजवळ रेषा होती, बिंदू नव्हता. पूर्वेकडे आपण किती आलो हे त्याला कळत होते, पण बेट त्या रेषेवर डावीकडे आहे की उजवीकडे, हे सूर्य सांगत नव्हता. आणि दिशेत एका अंशाची चूक झाली असेल तर? ४११३ कि.मी. चालून गेल्यावर एका अंशाची चूक बाजूला ७२ कि.मी. होते. अडीच किलोमीटरच्या बेटासाठी हे फार झाले. विमान, माणसे, काहीही सापडले नाही.

वेळेच्या बाबतीत प्रशांत महासागर आणखी एक खोडी काढतो, ती थोडक्यात सांगतो. इअरहार्ट लाएहून २ जुलैला सकाळी दहाला निघाली, वीस तास उडाली, तरी हाऊलँडला तेव्हा २ जुलैचीच सकाळ होती. आंतरराष्ट्रीय वाररेषा! आपण ती १८० अंश रेखावृत्तावर पाठ करतो व कुठे कुठे वाकडी जाते असे एक वाक्य जोडतो. ती वाकडी का जाते, हे सामोआला विचारावे. १८९२ पर्यंत सामोआ आशियाच्या बाजूच्या तारखेत होता. अमेरिकेशी व्यापार करणाऱ्यांच्या सोयीसाठी त्या वर्षी तो अमेरिकेच्या तारखेत आणला गेला आणि ४ जुलै हा दिवस तेथे दोनदा आला. शंभरावर वर्षे गेली, व्यापार ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडशी वाढला. सामोआत शुक्रवार असे तेव्हा न्यूझीलंडमध्ये शनिवारची सुट्टी. सामोआत रविवार तेव्हा सिडनीत सोमवारची कचेरी सुरू. आठवड्यातले दोन दिवस व्यवहाराला बाद. म्हणून २०११ साली सामोआने २९ डिसेंबर गुरुवारनंतर थेट ३१ डिसेंबर शनिवार घेतला. ३० डिसेंबर २०११ ही तारीख सामोआत उजाडलीच नाही. त्या दिवशी ज्यांचा वाढदिवस असेल त्यांनी काय केले असेल कोण जाणे.

पण शेजारचा अमेरिकन सामोआ जिथल्या तिथे राहिला. भाषा एक, नातीगोती एक, आणि अपियाजवळच्या विमानतळापासून तेथील पागो पागोपर्यंत अंतर अवघे दीडशे कि.मी. (उच्चार ‘पांगो पांगो’, सामोअन लिपीत ग हे अक्षर ङ सारखे उच्चारतात.) लहान विमानाला पाऊण तास पुरतो. घड्याळे दोन्हीकडे तीच वेळ दाखवतात, तारीख मात्र एका दिवसाने वेगळी. सामोआहून शनिवारी सकाळी आठला निघालेला माणूस पागो पागोला शुक्रवारी सकाळी पावणेनऊला उतरतो. परतताना पाऊण तासात पंचवीस तास खर्ची पडतात. लग्नाला किंवा मयताला जाणाऱ्या कुटुंबाला हा हिशेब दरवेळी करावा लागतो, आणि तो चुकून चालत नाही.

किरिबाती या देशाची तऱ्हा याहून निराळी. (याचा उच्चार ‘किरिबास’, त्यांच्या लिपीत ‘ती’चा ‘स’ होतो, म्हणून किरितिमाती म्हणजे ख्रिसमस बेट.) राजधानी तारावा आणि त्याच देशातील किरितिमाती यांत सरळ अंतर सुमारे ३२८० कि.मी. पण कित्येक वर्षे तारावाच्या माणसाला किरितिमातीला जायचे तर आधी फिजीला, म्हणजे परदेशात जावे लागे. तारावा ते नांदी २१८० आणि नांदी ते किरितिमाती ३५२५, मिळून ५७०० कि.मी., शिवाय पुढच्या विमानाची वाट पाहण्याचे दिवस वेगळे. वाररेषा या देशाच्या मधून जात होती ती त्यांनी १९९५ च्या आरंभी पूर्वेला ढकलून दिली. विमान मात्र असे कायद्याने ढकलता येत नाही. तात्पर्य, बृहद्वृत्ताचा कंस हे पृथ्वीचे अंतर झाले, माणसाचे अंतर विमानसेवेचे वेळापत्रक ठरवते.

आता ज्या प्रश्नासाठी मी हा विषय घेतला त्याकडे वळतो.

होनोलुलू-पापीतीमधल्या या ४४०० कि.मी. अंतराच्या दोन्ही टोकांना राहणाऱ्या लोकांची भाषा, दैवते, शेतीतली पिके एकमेकांशी जुळतात. युरोपीय जहाजे येण्यापूर्वी शेकडो वर्षे हे लोक तेथे होते. त्यांच्याजवळ धातू नव्हता, होकायंत्र नव्हते, लिपी नव्हती. मग ते तेथे पोहोचले कसे? १७६९ साली कॅप्टन कुकला ताहितीत तुपाया नावाचा एक जाणता भेटला. त्याच्या सांगण्यावरून ७४ बेटांचा नकाशा तयार झाला. ही सर्व बेटे हजारो किलोमीटरांच्या टापूत विखुरलेली. तुपाया कुकच्या जहाजावरून पुढे गेला आणि १७७० साली बटाव्हियात वारला. नकाशा राहिला, पण त्यामागचे ज्ञान खरे मानायला पुढच्या काळातले विद्वान तयार नव्हते. थॉर हेयरदालने १९४७ साली ‘कॉन-टिकी’ तराफ्यावरून पेरूहून १०१ दिवसांत तुआमोतू बेटे गाठली आणि हे लोक दक्षिण अमेरिकेतून वाऱ्याबरोबर वाहत आले असतील असे मांडले. न्यूझीलंडचे अँड्र्यू शार्प यांनी १९५६ साली आणखी पुढे जाऊन म्हटले, की तीन-एकशे मैलांपलीकडे यंत्रांवाचून ठरवून जाणे व परत येणे शक्यच नाही. ही बेटे वादळात भरकटलेल्यांनी चुकून वसवली.

या मताचा अर्थ काय होतो तो नीट पाहावा. एखाद्या समाजाचे पूर्वज शोधक होते, की वाट चुकलेले होते, असा हा वाद आहे. आणि तो ग्रंथालयात बसून सुटण्यासारखा नव्हता. तो सोडवण्याचा एकच मार्ग होता : तसलीच होडी बांधायची आणि जाऊन दाखवायचे.

१९७३ साली हवाईत बेन फिनी, हर्ब काने व टॉमी होम्स यांनी त्यासाठी संस्था स्थापन केली. दोन लांब नावा आडव्या वाशांनी जोडून सुमारे १९ मीटर लांबीची शिडाची जोडहोडी बांधली आणि तिचे नाव ठेवले ‘होकुलेआ’, म्हणजे आनंदाचा तारा. हा तारा आपल्या ओळखीचा आहे. तो स्वाती. नाव उगाच दिलेले नाही. ज्या ताऱ्याची क्रांती आपल्या अक्षांशाइतकी असते, तो तारा याम्योत्तर वृत्त ओलांडताना नेमका आपल्या डोक्यावर, खमध्यावर येतो. स्वातीची क्रांती सुमारे १९ अंश उत्तर; म्हणून तो हवाईच्या मोठ्या बेटाजवळ डोक्यावर येतो. मुंबईचा अक्षांशही १९. मे महिन्याच्या अखेरीस रात्री साडेदहाच्या सुमारास गच्चीवर पाठ टेकून झोपलात, तर तोच तारा तुमच्याही बरोबर वर दिसेल. व्याधाची क्रांती १६.७ अंश दक्षिण; तो ताहितीच्या जवळपास डोक्यावर येतो. म्हणजे जाताना व्याध, येताना स्वाती डोक्यावर आला, की अक्षांश बरोबर आहे असे समजावे. नूननला सूर्याने एक रेषा दिली; या लोकांना ताऱ्याने दुसरी रेषा दिली, पूर्व-पश्चिम जाणारी.

पण हवाईत ही विद्या जाणणारा एकही माणूस उरला नव्हता. मायक्रोनेशियातील सातावाल या एवढ्याशा बेटावरून माऊ पियाइलुग याला बोलवावे लागले. त्याच्या पद्धतीत अंतर मोजण्याची रीत आपल्या समजुतीच्या पार उलटी आहे. आपण म्हणतो, बेट स्थिर, होडी चालते. तो मनात असे धरतो, की होडी ताऱ्यांखाली स्थिर आहे आणि बेटे मागे सरकत आहेत. मार्गाच्या एका बाजूला असलेले तिसरेच एखादे बेट तो निवडतो. ते डोळ्यांना दिसत नसते. पण प्रवासाच्या आरंभी ते क्षितिजावरच्या ज्या ताऱ्याच्या उगवण्याच्या जागेखाली असते, तेथून सरकत सरकत ते पुढच्या ताऱ्याखाली, मग त्यापुढच्या ताऱ्याखाली जाते. एका ताऱ्यापासून दुसऱ्या ताऱ्यापर्यंत बेट सरकले, की प्रवासाचा एक टप्पा झाला. याला ‘एताक’ म्हणतात. दिवसा तारे नसतात. तेव्हा दूरवरून येणाऱ्या लांब लाटा होडीला कोणत्या बाजूने उचलतात, यावरून दिशा सांभाळायची. डेव्हिड लुइस यांनी अशा नाविकांबरोबर प्रत्यक्ष समुद्रावर राहून १९७२ साली या विद्येवर पुस्तक लिहिले. मला स्वतःला एताक समजायला तीन दिवस लागले, आणि शेवटी कागद-पेन्सिल बाजूला ठेवून चालत्या गाडीच्या खिडकीतून दूरचा डोंगर मागे सरकताना पाहिला तेव्हा समजला.

१ मे १९७६ रोजी होकुलेआ माऊई बेटावरून निघाली. होडीवर एकही यंत्र नाही. ताहिती हवाईपेक्षा आठ अंश पूर्वेला, आणि व्यापारी वारे विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना पूर्वेकडूनच येणारे; म्हणजे शीड वाऱ्याच्या जितके तोंडावर धरता येईल तितके धरून पूर्वेकडे सरकायचे. मध्ये विषुववृत्ताजवळचा शांत पट्टा, तेथे वाराच नाही. दक्षिणेला गेल्यावर ध्रुवतारा क्षितिजाखाली बुडाला. एकतिसाव्या दिवशी मातायवा दिसले. हे तुआमोतू माळेतील एक कंकणद्वीप, ताहितीच्या उत्तरेला सुमारे तीनशे कि.मी. आणि येथे या नाविकांचे शहाणपण पाहा. एकट्या ताहितीवर नेम धरलाच नव्हता. सत्तरांहून अधिक बेटांची ती लांबच लांब माळ आडवी पसरली आहे. तिच्यातले कोणतेही एक गाठायचे, ते ओळखायचे, आणि तेथून ताहितीला वळायचे. लक्ष्य अडीच किलोमीटरचे न ठेवता शेकडो किलोमीटरचे ठेवायचे. हाऊलँडला अशी माळ नव्हती.

४ जून १९७६ रोजी होडी पापीतीच्या बंदरात शिरली तेव्हा हजारो ताहितीवासी किनाऱ्यावर लोटले होते. ३४ दिवस. ४४०० ला ३४ ने भागले तर दिवसाला १३० कि.मी., तासाला साडेपाच. पायी भराभर चालणाऱ्या माणसाची ही गती. जेटला पावणेसहा तास, होडीला ३४ दिवस. पण शार्प यांच्या तीनशे मैलांना या पायी चालीने ओलांडले.

पुढचा भाग इतका सुखाचा नाही. परतीच्या वाटेवर माऊ नव्हता, यंत्रे वापरली गेली. बावीस दिवस लागले. मार्च १९७८ मध्ये होकुलेआ पुन्हा ताहितीकडे निघाली आणि पहिल्याच रात्री हवाईजवळच्या समुद्रात उलटली. एडी आयकाऊ हा लाटांवर स्वार होणारा प्रसिद्ध जलतरणपटू आपली फळी घेऊन मदत आणायला निघाला. बाकीचे वाचले, तो परत आला नाही. त्यानंतर नैनोआ थॉम्पसन या तरुणाने माऊकडे जाऊन शिकवण्याची विनंती केली. माऊच्या बेटावर ही विद्या घराण्यातल्या मुलांना द्यायची असते, परक्यांना नव्हे. पण तेथील मुले शाळा-कचेऱ्यांकडे वळली होती आणि विद्या आपल्याबरोबरच संपेल असे त्याला दिसत होते. त्याने शिकवले.

१९८० साली नैनोआने यंत्रांवाचून होडी ताहितीला नेली. माऊ होडीवर होता, पण बोलायचे नाही असे ठरलेले. बेट जवळ आल्याच्या खुणा होत्या. सुरय जातीचा समुद्रपक्षी सकाळी बेटावरून मासे धरायला निघतो आणि संध्याकाळी परततो, हा नियम नैनोआने पाठ केला होता. सकाळी एक पक्षी दिसला, म्हणजे तो ज्या दिशेहून आला तिकडे बेट, असे धरून त्याने होडी वळवली. तेव्हा माऊ पहिल्यांदा बोलला : होडी फिरव, पक्ष्याच्या मागे जा. कारण विचारले तर त्या वेळी सांगितले नाही. तासाभरात बेट दिसले. मग त्याने सांगितले, की पक्ष्याच्या चोचीत मासा होता. पिलांचा हंगाम होता; पक्षी सकाळीच मासा घेऊन घरट्याकडे परतत होता.

त्या वर्षी नैनोआ परतीचा प्रवासही तसाच करून आला. २००७ साली सातावाल बेटावर माऊने त्याला व आणखी चार हवाईवासीयांना विधिपूर्वक नाविकाची दीक्षा दिली. २०१० साली माऊ वारला. होकुलेआ २०१४ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली आणि हिंदी महासागर, केप ऑफ गुड होप, पनामा असा फेरा करून जून २०१७ मध्ये होनोलुलूच्या बंदरात आली. या खेपेस शेवटचा टप्पा तिने ताहितीहूनच केला.